मोटरचं टेबल ऑफिसात बसवताना

मोटरवर वरखाली होणारं टेबल आलं की लोक आधी फळीचा रंग बघतात. मी आधी वायरी बघतो. आमच्या ऑफिसात ही टेबलं जोडून द्यायचं काम माझ्याकडे आहे आणि टेबल वर जाताना आखडलेल्या वायरीने मॉनिटर ओढला जाणं, ही मला सगळ्यात मोठी धास्ती वाटते.

जोडताना फळी पुठ्ठ्यावर पालथी ठेवा. चौकटीचे सगळे बोल्ट आधी हातानेच सैल लावा, चौकट काटकोनात आली की मग आवळा. टेबल सरळ करायला दोघं लागतात आणि हात फळीला नव्हे, चौकटीला घाला. नाहीतर सगळं वजन फळीतल्या स्क्रूंवर येतं आणि ते उपटतात.

आता वायरी. एक्स्टेंशन बोर्ड फळीच्या खालच्या अंगाला पक्का करा. मॉनिटर, लॅपटॉप, टेबलाची मोटर, सगळं त्यातच. म्हणजे भिंतीकडे बोर्डाची एकच वायर जाते. (नेटवर्कची केबल असेल तर तिलाही तोच न्याय.) टेबल पार वरपर्यंत न्या, त्या उंचीला वायर सैल लोंबते ना ते बघा आणि मगच क्लिपा मारा. टेबल खाली असताना मारलेल्या क्लिपा हमखास पुन्हा काढाव्या लागतात.

पहिल्यांदा चालू केल्यावर टेबल रिसेट करावं लागतं. बहुतेक टेबलांत खाली नेणारं बटण दाबून टेबल तळाला न्यायचं, बोट काढायचं आणि तेच बटण पुन्हा दाबून धरायचं. टेबल किंचित खाली दबून वर येतं, की झालं. पुढे कधी टेबलाच्या बटणांजवळच्या डिस्प्लेवर एरर आली किंवा एक पाय वर, एक खाली दिसला, तरी आधी हेच करून बघा.

उंची ठरवताना सुरुवात खुर्चीपासून. पावलं जमिनीला टेकलेली, खांदे सैल, कोपर काटकोनात, आणि फळी कोपराच्या पातळीला. आमच्या अकाउंट्समधल्या एका मॅडमना टेबल तळाला नेऊनही खांदे उचलावे लागत होते. दोन टप्प्यांचे पाय (म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांचे) साधारण ७० सेंमीच्या आसपास थांबतात, तीन टप्प्यांचे ६०-६५ पर्यंत उतरतात. बुटक्या माणसासाठी तीन टप्प्यांचेच घ्या. उभ्याची उंची मात्र रोजचे बूट घालून मोजा. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. लॅपटॉप असेल तर कीबोर्ड वेगळा हवाच, त्याशिवाय मान आणि हात दोन्ही जागेवर येत नाहीत.

बसण्याची आणि उभं राहण्याची, दोन्ही उंच्या मेमरी बटणांवर साठवा. ही बटणं नसलेलं टेबल मी ऑफिससाठी सुचवतच नाही, कारण दर वेळी अंदाजाने बटण दाबत बसायचा लोकांना कंटाळा येतो आणि टेबल कायमचं खालीच राहतं. दिवसभर उभं राहणंही नको, पाय आणि कंबर बोलायला लागतात. अर्ध्या-पाऊण तासाने आलटून पालटून करा.

बटण दाबण्याआधी खुर्चीचे हात आणि ड्रॉवरचा खण फळीखाली नाहीत ना, तेवढं बघा. अडथळा आला की बहुतेक टेबलांची मोटर थांबते, पण हलक्या अडथळ्याला ती दाद देईलच असं नाही. महिनाभराने सगळे बोल्ट एकदा पुन्हा आवळा. उभ्याच्या उंचीला टेबल जास्त डुलायला लागलं, तर पहिला संशय त्यांच्यावरच घ्या.