बँकॉकला हॉटेल बुक करताय? या चुका टाळा, आमच्या करून झाल्यात

डोंबिवलीत फ्लॅट बघायला गेलं की आपण बिल्डरला पहिला प्रश्न काय विचारतो, स्टेशनपासून चालत किती? आणि तो पाच मिनिटं म्हणाला की मनातल्या मनात पंधरा धरतो. पण बँकॉकला जायचं ठरलं की हीच अक्कल घरी ठेवून आपण गच्चीवरच्या स्विमिंग पूलचे फोटो बघून हॉटेल बुक करतो. मी केलं ना! सोबत बायको, दोन मुलं आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. हॉटेलच्या पेजवर लिहिलेलं की स्कायट्रेनचं, म्हणजे रस्त्यावरच्या पुलावरून धावणाऱ्या ट्रेनचं, स्टेशन ६०० मीटर. ते ६०० मीटर म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले होते, चालायला निघालो तर सव्वा किलोमीटर भरलं आणि ते पण एप्रिलच्या उन्हात.

याचं कारण तिकडच्या गल्ल्या, ज्याला ते सोई म्हणतात. सुखुमवित हा लांबच लांब मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना सोई फुटतात, एका बाजूला विषम नंबर आणि दुसऱ्या बाजूला सम. आता आपल्याला वाटतं २३ च्या समोर २४ असणार, तर तसं काही नसतं, दोन्ही बाजूंचे आकडे आपापल्या वेगाने पळतात. फ्रोम फोंग स्टेशनला एका बाजूला सोई २४ आहे आणि समोर बघाल तर ३५ नि ३९. शिवाय बऱ्याच सोई आत जाऊन बंद होतात, शेजारच्या सोईत जायचं तर मधे भिंत, म्हणजे परत मेन रोडला या आणि दुसऱ्या सोईत शिरा. म्हणून बुक करायच्या आधी मॅपवर हॉटेल ते स्टेशन 'चालत' असा रूट टाकून बघा, आणि हॉटेल सोईच्या तोंडाशी आहे की पार आत ते बघा. ४००-५०० मीटरच्या आत असेल तर घ्या, म्हातारी माणसं असतील तर त्याहून कमी.

हॉटेल आधीच बुक झालंय आणि रद्द होत नाहीये? मग हॉटेलला मेसेज टाकून विचारा की स्टेशनपर्यंत फुकट टुकटुक सोडता का, आतल्या सोईतली बरीच हॉटेलं सोडतात पण आपण विचारत नाही. नाहीतर सोईच्या तोंडाशी नारिंगी जॅकेटवाले बाईकवाले बसलेले असतात, एकट्या माणसाला ते मस्त. सासूबाईंना बाईकवर बसवायचं धाडस मात्र मी केलं नाही, ग्रॅब, म्हणजे अॅपवरची टॅक्सी, मागवत राहिलो आणि ट्रॅफिकमध्ये बसत राहिलो.

दुसरी चूक आपल्या लोकांची खास, ती म्हणजे प्रतुनाम या भागात राहणं. भारतीय जेवण मिळतं, कपड्यांचं होलसेल मार्केट पायाखाली, रूम स्वस्त, त्यामुळे जो तो तिथेच. शॉपिंगलाच जायचं असेल तर बिनधास्त राहा, मी नाही म्हणणार नाही. पण तिथल्या चौकातलं ट्रॅफिक संध्याकाळी असं तुंबतं की टॅक्सीतून उतरून चालावंसं वाटतं, आणि स्कायट्रेनचं चिट लोम स्टेशन सामान घेऊन चालायला लांब पडतं. तिथे राहिलातच तर सेन सेप कालव्यातली बोट बघून ठेवा, ती ट्रॅफिकखालून जुन्या शहराच्या दिशेने नेते. कालव्याला वास येतो, पाण्याचे शिंतोडे उडतात, पण वेळेत पोचवते.

ज्यांना देवळं नि राजवाडा बघायचाय ते जुन्या शहरात खाओ सान रोडच्या बाजूला हॉटेल घेतात. तिकडे अजून स्कायट्रेन नाही. १९९९ ला स्कायट्रेन सुरू झाली ती सुखुमवित-सिलोमकडे, जुन्या शहराला मेट्रो (ही स्कायट्रेनहून वेगळी) मिळाली थेट २०१९ मध्ये, सनाम चाय स्टेशन, वाट फो या देवळाच्या अगदी जवळ. म्हणून त्याआधीचे सल्ले वाचून 'राजवाडा बघायचा तर तिथेच राहायला पाहिजे' असं समजू नका. मेट्रोच्या निळ्या लाइनवर कुठेही राहिलात तरी सकाळी आरामात जाता येतं. नदीकाठी राहायची हौस असेल तर साफान ताक्सिन स्टेशनजवळ बघा, खाली धक्का आणि वर स्कायट्रेन.

फॅमिलीवाल्यांनो, हे नीट वाचा. नाना आणि असोक ही दोन स्टेशनं नकाशावर एकदम सोयीची दिसतात आणि असोक तर खरंच आहे, तिथे स्कायट्रेन आणि मेट्रो दोन्ही मिळतात. पण नानाची सोई ४ आणि असोकजवळची सोई काउबॉय हे रात्रीच्या धंद्याचे भाग आहेत, दिवसा फोटोत साध्या गल्ल्या दिसतात. माझा एक मित्र आई-बाबांना घेऊन सोई ४ मध्ये राहिला, काका तीन दिवस संध्याकाळी सातनंतर रूमबाहेर पडले नाहीत, आणि काकू रोज विचारायच्या की या मुली इथे कशाची वाट बघतायत. रिव्ह्यू वाचताना 'रात्री', 'आवाज', 'बार' हे शब्द शोधा, रेटिंग बघत बसू नका. आवाजाचा त्रास तिथे गेल्यावर कळला तर मागच्या बाजूची, वरच्या मजल्यावरची रूम मागा, पहिल्याच रात्री मागा.

आता फ्लाइट. आपल्याकडून रात्री निघणारी विमानं तिकडे पहाटे उतरतात, घड्याळ दीड तास पुढे असतं, आणि रूम मिळते दुपारी दोनला. लहान मुलं असतील तर आदल्या रात्रीपासून बुकिंग घ्या, पण हॉटेलला लिहून कळवा की आम्ही पहाटे येतोय, नाहीतर रात्रभर आला नाहीत म्हणून बुकिंग गेलं असंही होतं. पैसे वाचवायचे तर सामान रिसेप्शनला ठेवून बाहेर पडा, सामान ठेवून घेतात. आणि सुवर्णभूमी विमानतळावरून येणारी एअरपोर्ट ट्रेन फाया थाईला स्कायट्रेनशी आणि मक्कासानला मेट्रोशी जोडलेली आहे, तर या दोनपैकी एखाद्या लाइनवरचं हॉटेल घेतलं की टॅक्सीची घासाघीस वाचते. विमान डॉन मुआंगला उतरणार असेल तर हे गणित बदलतं, ते विमानतळ शहराच्या वेगळ्याच टोकाला आहे, तिकीट नीट बघा.

पैशांचं एक. दरापुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि मग त्या बेरजेवर ७ टक्के टॅक्स लागतो. म्हणजे ३००० बाथची रूम ३५३१ ला पडते. शेवटच्या पेजवरचा आकडाच खरा.

राहिलं ते अ‍ॅपवरचं कंडो, म्हणजे बिल्डिंगमधला भाड्याचा फ्लॅट. किचन आहे, आईला पोहे करता येतील, वॉशिंग मशीन आहे, सगळं खरं. पण हॉटेलचं लायसन्स नसताना ३० दिवसांपेक्षा कमी दिवसांसाठी भाड्याने देणं तिकडे कायद्यात बसत नाही, अनेक बिल्डिंगच्या लॉबीत तशी पाटीच असते. मालक सांगतो की वॉचमनने विचारलं तर मित्र आहे म्हणा. सामान, पोरं आणि सासूबाई घेऊन कोण खोटं बोलत उभं राहणार? त्यात १ मे २०२५ पासून थायलंडला जायच्या आधी ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं, पोचायच्या तीन दिवस आधीपासून भरता येतं, आणि त्यात राहण्याचा पत्ता विचारतात. मालक पूर्ण पत्ता द्यायला टाळाटाळ करतोय असं दिसलं की तिथेच कॅन्सल करा. पोहे परत आल्यावर खा.