रेनकोटच्या आधी भिंत

मे महिन्यात वह्या, दप्तर, रेनकोट अशी यादी निघते. ज्या घरात एखादं मूल पावसाळाभर खोकतं, तिथे यादीत पहिलं नाव ओल धरणाऱ्या भिंतीचं हवं. मुंबईत पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास येतो. ओल शोधून भिंत सुकवायला मेचं ऊनच काय ते हाताशी असतं. आम्ही एकदा जुलैत रंगारी बोलावला. ओल्या भिंतीवर ऑइलपेंट मारला, गणपतीपर्यंत पोपडे सुटले आणि मागची काळी बुरशी जशीच्या तशी!

ओल कुठून येते ते आधी ठरवा. वीतभर ॲल्युमिनियम फॉइल भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवसांनी काढा. भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीच्या आतून येतंय, खोलीकडची ओली असेल तर दोष घरातल्या दमट हवेचा. मेमध्येही भिंतीकडची बाजू ओली असेल तर पावसाला बोल लावू नका, वरच्या मजल्याचं बाथरूम बघा. गच्ची गळत असेल तर सोसायटीला आत्ताच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, नुसतं जिन्यात सांगून काही होत नाही. पांढरी पूड दिसली तर पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर तो खार, बुरशी नव्हे. पण खारही ओलीशिवाय फुटत नाही.

बुरशी कोरड्या झाडूने झटकू नका, तिचे कण थेट मुलाच्या नाकात जातात. मूल आजीकडे पाठवा, मास्क लावा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या. ब्लीच वापरायचंच असेल तर ते संडासाच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो. कपाटं आणि मुलाचा पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. गाद्या, उशा, गोधड्या उन्हात टाका. बुरशी धरलेली कापसाची गादी पुन्हा पिंजून घ्यायचा मोह मात्र नको.

कुबट वासावर घरोघरी ऊद, धूप आणि डांबराच्या गोळ्या हाच उपाय असतो. आजीला वाईट वाटेल, पण धुरीने ओल हटत नाही, मुलाची धाप मात्र वाढते. तान्ह्याच्या दुपट्यांत डांबराच्या गोळ्या तर मुळीच नकोत. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते आणि या गोळ्यांमधल्या नॅप्थलीनमुळे त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

ओले कपडे वाळवायची जागाही आताच ठरवा, मूल झोपतं ती खोली सोडून. काहीशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर घ्या. आकडा ६० टक्क्यांच्या वर रेंगाळला तर एसी असल्यास तो ड्राय मोडवर चालवा. ‘खिडक्या उघड्या ठेवा’ हा सल्ला आपल्याकडे जुलैत उलटतो. संततधारेत बाहेरची हवाच जास्त ओली असते, तेव्हा उघडीप मिळाली की मगच उघडा. आंघोळीनंतर आणि स्वयंपाक करताना एक्झॉस्ट पंखा मात्र हवाच.

दम्याचा पंप चालू असेल तर ‘उन्हाळ्यात बरा आहे’ म्हणून डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. त्यात डोस किती उरलेत, मुदत कधी संपते ते बघा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लॅस्टिकची नळी, साबणाच्या पाण्यात बुडवून तशीच निथळू द्या. फडक्याने पुसली की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतच चिकटून बसतं. डॉक्टरांना ‘फ्रिजमधलं पाणी देत नाही’ हे सगळेच सांगतात, तुम्ही भिंतीचा फोटो दाखवा.

मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला घरातल्या सगळ्यांनी शिकावं. दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खळगा पडू लागला किंवा पाणीही पिववेना, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री दोनला रस्ता तुंबलेला असताना दवाखान्यात कुठून जाता येतं, हे कोरड्या दिवशीच चालून बघा.