कृष्णेच्या काठी कयाक आणि तंबू : रात्री पाणी चढले तर

कल्लोळ-यडूरपासून कुडची-उगारपर्यंतचा कृष्णेचा पट्टा दोन-तीन मुक्कामांच्या कयाक सहलीसाठी फार चांगला आहे. दिवाळीनंतर येथे प्रवाह संथ असतो, दोन्ही काठांना उसाची शेती असल्यामुळे वस्ती कधीच फार लांब राहत नाही आणि शेवटी कुडची किंवा उगार स्थानकावरून मिरजेकडे अथवा बेळगावकडे रेल्वेने परतता येते. मात्र डोक्यावर एक थेंबही पडलेला नसताना या नदीचे पाणी चढू शकते, हे मुक्काम ठोकण्यापूर्वीच समजून घेतले पाहिजे. म्हणून वल्हे मारण्याच्या कौशल्यापेक्षा तंबू कोठे ठोकावा आणि तो केव्हा उचलावा, याविषयीच मी येथे सविस्तर लिहीत आहे.

कोयनेचे पाणी कऱ्हाडला, वारणेचे सांगलीजवळ हरिपूरला आणि पंचगंगेचे नृसिंहवाडीला कृष्णेत येते. पुढे सीमाभागात शिरल्यावर कल्लोळजवळ दूधगंगाही तिला मिळते. पावसाळा संपताना या सर्व नद्यांवरची धरणे काठोकाठ भरलेली असतात. कोयनेची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, परंतु भरलेल्या धरणात नव्या पाण्याला जागा उरत नाही. त्यामुळे ऑक्टोबरात घाटमाथ्यावर परतीचा पाऊस झाला की तो विसर्ग होऊन सरळ नदीत उतरतो. पंचगंगेच्या खोऱ्यातील राधानगरी धरणाचे दरवाजे तर स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात. शिवाय याच दिवसांत कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले जातात. बरगे घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबते आणि ते काढले की खालच्या अंगाला एकदम लोंढा येतो. कोयनेतून सुटलेले पाणी आपल्यापर्यंत यायला बराच वेळ लागतो, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट. पण त्या वेळेचा उपयोग बातमी कानावर आली तरच होतो.

बातमी दोन्ही बाजूंची घ्यावी लागते. धरणांचा विसर्ग आणि कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून जाणारे पाणी यांची माहिती महाराष्ट्रातील पाटबंधारे खात्याकडून मराठीत मिळते, तर प्रत्यक्ष काठावरच्या सूचना बेळगाव जिल्हा प्रशासनाकडून कन्नडमध्ये येतात. कन्नड वाचता येत नसेल, तर वाटेवरच्या एखाद्या गावातील ओळखीच्या माणसाला रोज संध्याकाळी फोन करण्याचे आधीच ठरवून ठेवावे. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात दक्षिणद्वार सोहळा (नदीचे पाणी मंदिरात शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडणे) झाल्याचे कानावर आले, तर कृष्णा भरून वाहते आहे असे समजून सहल पुढे ढकलावी. निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला मुक्कामाच्या गावांची यादी द्यावी. तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२ दोन्ही राज्यांत चालतो.

आता मुक्कामाच्या जागेविषयी. दुपारी तीनच्या सुमारास जागा शोधायला सुरुवात करावी, कारण अंधारात काठाची उंची कळत नाही आणि थकलेला माणूस मिळेल त्या वाळूवर तंबू टाकून मोकळा होतो. पात्रातील बेट कितीही सुंदर दिसले तरी तेथे राहू नये. पाणी चढताना बेटाच्या मागचा उथळ फाटा आधी भरतो आणि परतीची वाट समोरचे पाणी काठाला लागण्यापूर्वीच बंद होते. वाळूचे पट्टे आणखी एका कारणाने टाळावेत : कृष्णेत मगरी आहेत आणि त्या उन्हाला अशाच ठिकाणी येऊन पडतात. ओढा नदीला मिळतो तेथेही थांबू नये, कारण नदी फुगली की तिचे पाणी ओढ्यात मागे शिरते आणि आपण तिन्ही बाजूंनी वेढले जातो. मळीची, म्हणजे नदीकाठची गाळाची, जमीन संपून खरा काठ जेथे सुरू होतो, तेथे वर चढून बाभळींच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा आणि चिंध्या पाहाव्यात. मागचे पाणी कोठवर आले होते ते त्यावरून कळते. तंबू त्या खुणेच्या वर असावा आणि त्याच्या मागे शेतरस्ता असावा. शेतमालकाला विचारल्याशिवाय मात्र राहू नये. ते सौजन्य तर आहेच, पण त्या जागेची खरी माहितीही त्यालाच असते.

कयाक काठावर ओढून ठेवणे पुरेसे नाही. ती तंबूच्या पातळीपर्यंत वर नेऊन पालथी घालावी आणि दोरीने जिवंत झाडाला बांधावी. वल्ही आणि लाइफ जॅकेट तंबूच्या आत घ्यावेत. पाण्याच्या कडेला नेमक्या रेषेवर एक खुंटी ठोकावी आणि तिच्या वर वीत-वीत अंतरावर आणखी दोन ठोकाव्यात. झोपण्यापूर्वी दर तासाला, आणि नंतर गजर लावून पाळीपाळीने, विजेरीच्या उजेडात त्या पाहाव्यात. तासाभरात वीतभर पाणी चढले, तर पुढच्या खुंटीची वाट न पाहता तंबू उचलावा. पाण्याला तांबूस गढूळपणा येणे, फेसाबरोबर काटक्या वाहत येणे, या खुणाही तितक्याच महत्त्वाच्या आहेत. सर्वांत भरवशाची खूण माणसांची आहे : काठावरचे शेतकरी दोर, पाइप आणि बैलगाडी किंवा ट्रॅक्टर घेऊन पाण्याच्या मोटारी वर काढू लागले, की कोणतीही चौकशी न करता आपणही सामान आवरायला घ्यावे. त्या मोटारीवर त्यांच्या उसाचे पाणी अवलंबून असते. ते ती उगाच उचलत नाहीत.

निघायचे ते जमिनीवरून. रात्री चढत्या पाण्यात कयाक घालणे कोणत्याही परिस्थितीत टाळावे. आधी माणसे, मग औषधे, कोरडे कपडे आणि फोन घेऊन शेतरस्त्याने गावाकडे जावे, बोट बांधलेलीच राहू द्यावी.

दिवसा पाण्यात असताना प्रवाह वाढला, तर पहिल्या मोकळ्या काठाला लागावे. पाण्यात उभा असलेला ऊस आणि बुडालेली बाभळीची झाडी दुरून आसऱ्यासारखी वाटते, पण पाणी त्यातून आरपार जाते आणि कयाक व माणूस दोघांना आत दाबून धरते. सर्वांत मोठा धोका बंधाऱ्याचा आहे. पाणी वाढले की बंधारा बुडतो आणि वरून पाहणाऱ्याला केवळ एक गुळगुळीत आडवी रेषा दिसते. तिच्या खाली पाणी उलटे फिरत राहते आणि पडलेल्याला बाहेर सोडत नाही. म्हणून प्रत्येक बंधारा नकाशावर आधीच खुणावून ठेवावा, त्याच्या बऱ्याच अलीकडे काठाला लागावे आणि बोट उचलून रस्त्याने पलीकडे न्यावी, मग त्या दिवशी पाणी कितीही शांत दिसो. बोट उलटलीच, तर पाठीवर पडून पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवावेत आणि तिरके पोहत काठ गाठावा.

सुखरूप बाहेर पडल्यावर ज्या पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला कळवले होते, त्यांना लगेच फोन करून आपण कोठे आहोत ते सांगावे. अन्यथा पुराच्या धामधुमीत गावातील माणसे आपल्या शोधासाठी नाव पाण्यात घालतील. बोट आणायला पाणी पूर्ण ओसरल्यावरच, दिवसाउजेडी आणि हातात काठी घेऊन जावे, कारण पुराबरोबर आलेले साप गाळात आणि पालथ्या बोटीखाली आसरा घेतात.