झाडांसाठी खासगी पैसा: आधी काय तयार हवं

कंपनीत झाडांच्या लागवडीसाठी निधी मंजूर झाला की बैठकीत पहिला प्रश्न येतो तो ‘किती झाडं लावायची?’ हा. तो थोडा मागे ठेवा. आधी हे लिहून काढा: तिसऱ्या वर्षीच्या कोरड्या हंगामात या रोपांकडे कोण बघणार आणि त्याची मजुरी कुठल्या तरतुदीतून निघणार? खड्डा खणून रोप लावण्याचा खर्च सगळ्यांच्या अंदाजपत्रकात असतो. निंदणी, कुंपण, पाणी, राखण, जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे) आणि नांग्या भरणं (मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावणं) यांचा खर्च अनेकदा नसतो, आणि रोपं मरतात ती इथेच. निदान पाच वर्षांची तरतूद हातात नसेल तर झाडांचा आकडा कमी करा, वर्षं कमी करू नका.

रोपवाटिकेला फोन करण्याआधी आसपासचं उभं जंगल बघून या. जुन्या जंगलाने लाकडात आणि मातीत साठवलेला कार्बन, तिथले पक्षी-प्राणी, तिथून झिरपणारं पाणी हे सगळं नव्या लागवडीतून यायला कित्येक दशकं जातात. काही गोष्टी तर येतच नाहीत. त्या जंगलावर कुऱ्हाड येणार असेल तर पहिला पैसा राखणीला. तोडलेल्या जागीही खुंट आणि मुळं जिवंत असतील, बी पडायला जवळ मोठी झाडं उभी असतील, तर चराई आणि वणवा काही वर्षं थांबवला तरी जंगल स्वतःहून उठतं, आणि लागवडीच्या खर्चात त्याहून बरंच मोठं क्षेत्र सावरता येतं. इथे उद्घाटनाचा कार्यक्रम करता येत नाही म्हणून हे काम मागे पडतं. माझं मत विचाराल तर पैसा आधी इथेच जायला हवा.

त्याच दिवशी स्वतःच्या खरेदी विभागाकडूनही एक यादी मागवा. पामतेल, सोयाबीन, गोमांस, कोको, रबर, कागद, लाकूड यांपैकी आपण काय घेतो आणि ते कुठल्या जमिनीवरून येतं? २००६ मध्ये मोठ्या धान्यव्यापाऱ्यांनी ब्राझीलच्या अॅमेझॉनमध्ये नव्याने जंगल तोडून पिकवलेलं सोयाबीन विकत न घेण्याचं ठरवलं. त्याआधीच्या दोन वर्षांत तिथल्या सोयाबीनच्या विस्तारातला सुमारे ३० टक्के भाग थेट जंगल तोडून झाला होता. २०१४ पर्यंत तो सुमारे १ टक्क्यावर आला. एकही रोप न लावता झालेलं हे काम आहे. एका हाताने जंगलतोडीचा माल घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने लागवडीला देणगी द्यायची, हा हिशेब जुळत नाही.

जमिनीची कागदपत्रं वकिलाकडून तपासून घ्याच, पण तेवढ्यावर थांबू नका. कागदावर ‘पडीक’ असलेल्या जागेवर कोणाची गुरं चरत असतात, कोणी सरपण गोळा करतं, कोणाची देवाची जागा असते. त्या लोकांची संमती खड्डे खणायच्या आधी, सगळी माहिती देऊन, ‘नाही’ म्हणायची मोकळीक ठेवून घ्यायला हवी. त्यांच्या वाट्याला काय येणार हे करारात आकड्यात लिहा. आणि मुळातच गवताळ असलेली माळरानं, पाणथळ जागा लागवडीसाठी मोकळ्या समजू नका. तिथे झाडं घुसवली तर असलेली परिसंस्थाच मोडते.

रोपवाटिकेला ऑर्डर निदान वर्षभर आधी द्यावी लागते, कारण स्थानिक प्रजातींचं बी ठरावीक महिन्यांतच पडतं. आयत्या वेळी गेलात तर भरभर वाढणाऱ्या एक-दोन प्रजातीच हाती येतील. माल उतरवून घेताना दहा-बारा पिशव्या फाडून बघा. मुळं तळाशी गोल गोल फिरलेली असतील तर रोप पिशवीत फार दिवस राहिलंय. वरून ते हिरवंगार दिसतं, पण तसंच लावलं तर पुढे मुळं स्वतःलाच आवळतात आणि झाड वाऱ्यात पडतं.

आता पैशाचा उगम. इथे देणगीच्या पुढे जाऊन विचार करायला हवा: हे जंगल राहिलं तर कोणाचा खर्च वाचतो? अमेरिकेतल्या टाहो राष्ट्रीय वनात २०१८ मध्ये ‘फॉरेस्ट रेझिलिअन्स बाँड’ या गुंतवणूक योजनेने हाच प्रश्न विचारला. वणव्याचा धोका कमी करण्याच्या कामासाठी खासगी गुंतवणूकदारांनी ४० लाख डॉलर आधी घातले, आणि परतफेडीची जबाबदारी राज्य सरकार व युबा या स्थानिक जलसंस्थेने उचलली. जंगल जळलं तर गाळ आपल्याच जलाशयांत येणार, हे त्या संस्थेला कळत होतं. कोस्टा रिकाने १९९६ च्या वनकायद्याने जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना मोबदला सुरू केला. मुख्य पैसा इंधनकरातून आला, पण पाण्यावर चालणाऱ्या खासगी वीजकंपन्याही त्यात उतरल्या. तुमच्या जागेच्या खाली, प्रवाहाच्या दिशेने, कोण पाणी वापरतं त्यांची नावं काढा आणि प्रस्ताव घेऊन आधी त्यांच्याकडे जा.

कार्बन क्रेडिट (हवेत जाण्यापासून रोखलेल्या किंवा शोषलेल्या कार्बन डायऑक्साइडचा विकता येणारा दाखला) विकून खर्च काढायचा असेल तर सल्लागार नेमण्याआधी काही उत्तरं कागदावर हवीत. हा पैसा आला नसता तर हे जंगल खरंच तुटलं असतं का? इथली तोड थांबली की ती शेजारच्या खोऱ्यात सरकेल का? हीच कपात आणखी कोणाच्या हिशेबात मोजली जाते का? आणि आग लागली तर? २०२१ मध्ये ओरेगनमधल्या बूटलेग वणव्यात क्रेडिटसाठी नोंदवलेलं जंगलही जळलं. अशा नुकसानीसाठी क्रेडिटचा काही हिस्सा न विकता राखीव ठेवतात. तो वगळूनच उत्पन्न धरा. क्रेडिटचा बाजारभाव पडला तर काय, याचीही सोय आधीच करावी लागते. जागतिक बँक समूहातल्या आयएफसी या वित्तसंस्थेने २०१६ मध्ये १५.२ कोटी डॉलरचे वनरोखे (जंगल राखण्याशी जोडलेले कर्जरोखे) काढले, तेव्हा गुंतवणूकदारांना व्याज रोखीत किंवा केनियातल्या कासिगाऊ या जंगल राखणाऱ्या प्रकल्पाच्या क्रेडिटमध्ये घेता येत होतं, आणि क्रेडिटच्या किमतीला बीएचपी या खाणकंपनीने आधार दिला होता. कार्बन कसा मोजणार, हेही आधीच ठरवा. वाळलेल्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो आणि एक टन कार्बन म्हणजे सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड. पण हा हिशेब खोडांचा घेर मोजून मांडायचा असतो, लावलेल्या रोपांच्या संख्येवरून नव्हे.

शेवटी हप्ते. लागवडीच्या दिवशी सगळी रक्कम देऊ नका आणि सगळी अडवूनही ठेवू नका, कारण मजुरांना मजुरी वेळेवर मिळायलाच हवी. कामाचा पैसा कामाबरोबर द्या. लागवड करणाऱ्या संस्थेचा उरलेला हिस्सा पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी जगलेल्या झाडांच्या मोजणीला बांधा. मोजणी त्रयस्थाने, ठरवून दिलेल्या तुकड्यांत फिरून करावी, आणि मेलेल्या रोपांचा आकडाही जाहीर व्हावा. कंपनी विकली गेली किंवा व्यवस्थापन बदललं तरी राखणदारांचा पगार चालू राहील असं वेगळं खातं आणि तसं कलम करारात आहे का ते बघा. नसेल तर सही करण्याआधी घालून घ्या.