सराव कमी असेल तर चढावर पाय राखा

ऑफ-रोड ट्रायथलॉनच्या पूर्ण अंतरात साधारण 1.5 किलोमीटर पोहणं, 30 किलोमीटरच्या आसपास माउंटन बायकिंग आणि 10 किलोमीटर ट्रेल रनिंग, म्हणजे कच्च्या वाटांवरचं धावणं, असतं. पोहायला कडेने सुरुवात करा, घोळक्यात दम लवकर लागतो. खरी कसोटी सायकलवर. चढ सुरू होण्याआधीच हलका गिअर टाका. ऐन चढावर जोर लावत बदलला तर चेन उतरू शकते. मागचं चाक मातीत नुसतंच फिरायला लागलं की सरळ उतरा आणि सायकल ढकला. यात कमीपणा अजिबात नाही, धावण्यासाठी मांड्या शाबूत राहतात. उतारावर मात्र दमलेल्या हातांनी धाडस नकोच: वजन मागे, बोटं ब्रेकवर आणि नजर चाकापाशी न खिळवता पुढच्या वळणावर.