घर गुरुवारी बघा: डायलिसिसवर असताना भाड्याचं घर घेताना या चुका टाळा

आमच्या डायलिसिसच्या शिफ्टमध्ये दर महिन्या-दोन महिन्यांनी एक नवा चेहरा येतो आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला शेजारच्या खाटेवरून विचारतो, "काका, इथं जवळपास वन बीएचके मिळेल का हो?" मी विचारतो, "डायलिसिसचा स्लॉट, म्हणजे ठरलेले वार आणि वेळ, पक्का झाला का?" तो म्हणतो, "होईल की." झालं, पहिली चूक इथेच.

मी सात वर्षं पुण्यात हिमोडायलिसिसवर आहे, म्हणजे किडन्यांचं काम मशीन करतं: रक्त साफ करतं आणि अंगात साठलेलं पाणी काढतं. तेवढ्यात भाड्याची चार घरं झाली. त्यातली दोन माझ्या मूर्खपणामुळे सोडावी लागली. म्हणून हे लिहितोय.

स्लॉटचं एका दमात सांगून टाकतो. आधी स्लॉट, मग घर. बार्शीकडचा एक मुलगा आईला घेऊन आला आणि हॉस्पिटलच्या समोरच खोली घेतली, अकरा महिन्यांचा करार करून. हॉस्पिटलात जागा नव्हती. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसणाऱ्या केंद्रात तिला जागा मिळाली ती शहराच्या दुसऱ्या टोकाला, सकाळी सहाची. आठवड्याला तीन वेळा म्हणजे महिन्याला तेरा डायलिसिस, जाऊन-येऊन 26 फेऱ्या. एका फेरीला रिक्षाचे 130 रुपये जास्त गेले तर महिन्याला 3380 रुपये झाले. "लांब आहे पण भाडं तीन हजारांनी कमी आहे" म्हणणाऱ्यांनीही हाच हिशोब करावा. किलोमीटर मोजू नका, पहाटे साडेपाचला त्या कोपऱ्यावर रिक्षा मिळते का ते बघा.

आता माझी सगळ्यात महागात पडलेली चूक: घर चांगल्या दिवशी बघणं.

धायरीतला फ्लॅट होता, चौथा मजला. बघायला गेलो रविवारी सकाळी अकराला. माझे वार मंगळ, गुरु, शनि. म्हणजे शनिवारी अंगातलं पाणी निघालेलं, रात्रभर झोप झालेली, रविवारी मी आठवड्यातला सगळ्यात धडधाकट माणूस. लिफ्ट होती, ऊन छान आत येत होतं, एजंट म्हणाला, "बॅकअप आहे, काका." टोकन देऊन मोकळा झालो.

तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी डायलिसिस करून साडेबाराला खाली उतरलो, तर लिफ्ट बंद. पुण्यात विजेची आणि पाण्याची दुरुस्तीची कामं गुरुवारी काढायची पद्धत आहे, हे अर्धं आयुष्य इथं काढलेल्या माणसाला माहीत नव्हतं असं नाही. फक्त माझं डायलिसिसही गुरुवारीच असतं, हे दोन्ही कधी एकत्र डोक्यात आलं नाही. वॉचमन म्हणाला, "पाचला येईल लाइट. बॅकअप पंपाला आन् पार्किंगला आहे, लिफ्टला नाही."

मशीनवरून उतरल्यावर माझं बीपी शंभराच्या आसपास असतं आणि पिंढऱ्यांत गोळे येतात. थोडा वेळ वॉचमनच्या खुर्चीवर बसलो, मग कंटाळून निघालो. पहिला मजला चढलो. दुसऱ्यावर डोळ्यांपुढे काळं आलं आणि कठडा पकडला तो डाव्या हातानं, म्हणजे फिस्टुलाच्या हातानं (डायलिसिसच्या सुया टोचायला शीर धमनीला जोडलेली असते, तो फिस्टुला). सुया काढून जेमतेम तास झालेला. पट्टी भिजायला लागली. बायकोनं रुमालाची घडी करून अंगठ्यानं दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं समोरची बेल वाजवली. बेल कुठली वाजणार, वीज नव्हती. मग दार बडवलं. एक आजी बाहेर आल्या, हात बघितला आणि म्हणाल्या, "आधी आत या, ओळख मागाहून करू." पाच वाजेपर्यंत मी त्यांच्या दिवाणावर आडवा होतो. त्यांनी तीनदा पाणी विचारलं आणि तीनदा मला नको म्हणावं लागलं. पाणी का नको, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

तेव्हापासून माझी एकच पद्धत. घर बघायला जायचं ते गुरुवारी, डायलिसिस झाल्या झाल्या, पट्टी हाताला तशीच. त्या अवस्थेत जे घर झेपतं ते घर चांगलं. तुमचे वार सोम-बुध-शुक्र असतील तर बघायचं शुक्रवारी, पण गुरुवारी एक चक्कर मारून लिफ्टचं विचाराच. आणि "बॅकअप आहे का" असं विचारायचं नाही. "वीज गेल्यावर लिफ्ट चालते का" असं विचारायचं, तेही एजंटला नाही, वॉचमनला. लिफ्टच्या भरवशावर दुसऱ्या मजल्याच्या वर मी जात नाही, कोणी कितीही समजावलं तरी. जिन्याच्या वळणावर प्लास्टिकची खुर्ची दोघांनी धरून फिरेल का, तेही बघतो. चार माणसांच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. अडचणीच्या वेळी माणूस खुर्चीतूनच खाली येतो.

फोटो आणि व्हिडिओ बघून टोकन भरणाऱ्यांना मी काही सांगत नाही. सांगून उपयोग नसतो.

वरच्या मजल्याचंच आणखी एक. शेवटचा मजला, डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब, म्हणून भाडं दीड हजारानं कमी: हा सौदा निरोग्यांनी करावा. आम्हाला दिवसाला पाणी मोजून. मला लिटरभर, त्यातच चहा, ताक, आमटी सगळं आलं. एप्रिलमध्ये दुपारी तो स्लॅब तापतो आणि रात्री बारापर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. घसा कोरडा पडतो, हात माठाकडे जातो. तसल्या घरात काढलेल्या एका उन्हाळ्यात दोन डायलिसिसमध्ये माझं वजन साडेतीन किलोपर्यंत वाढायचं. तेवढं पाणी चार तासांत ओढलं की पायात असे गोळे यायचे की सिस्टर मशीन सांभाळायची आणि टेक्निशियन माझे तळवे दाबायचा. डॉक्टर मला शिस्त लावत होते, आणि घर बदलल्यावर शिस्त आपोआप आली. घर बघताना दुपारी तीनला छताकडे हात करून उभे राहा, झळ लागली तर परत फिरा.

किडनी ट्रान्सप्लांट झालेल्यांनी भिंतीची ओल आणि कबुतरांनी भरलेली बाल्कनी बघूनच नाही म्हणावं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आयुष्यभर चालू असतात, बुरशीशी पैज लावू नका. शेजारी बांधकाम चालू असेल तरी तेच.

घरच्या घरी पोटाचं डायलिसिस करणाऱ्यांनी खोली मोजावी. त्यात पोटात सोडायच्या द्रावाच्या पिशव्या लागतात. दिवसाला दोन-दोन लिटरच्या चार धरल्या तर महिन्याचा साठा 120 पिशव्यांचा, 240 लिटर. ते खोके पलंगाखाली मावत नाहीत आणि टेम्पोवाला जिना चढत नाही.

भारतीय पद्धतीचा संडास असलेलं घर नको. बीपी उतरलेलं असताना उकिडवं बसून उठणं म्हणजे पडणं. आणि संडासाला आतून कडी लावायची सवय सोडा.

घरमालकाला सांगायचं की नाही? यावर आमच्या शिफ्टमध्ये दोन पक्ष आहेत. एचआयव्ही असलेल्या माणसाला त्या कारणावरून घर नाकारायला 2017 च्या कायद्यानं बंदी आहे. आमच्यासाठी तसं काही नाही, त्यामुळे नकार पचवायची तयारी ठेवा. मी सांगतो, पण टोकनच्या आधी आणि दोन वाक्यांत: "किडनीचा त्रास आहे, आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलला जातो. संसर्गाचं काही नाही, भाडं पाच तारखेला मिळेल." फाइल उघडून रक्ततपासणीतलं क्रिएटिनिन सांगत बसायचं नाही. लपवून घेतलेल्या घरात दारात पहिली अँब्युलन्स आली की दुसऱ्या दिवशी सोसायटीचा चेअरमन येतो, हे मी दोघांच्या बाबतीत पाहिलंय.

शेवटची चूक कागदाची, आणि इथे मला खरंच राग येतो. एजंट म्हणतात, "पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकू, काका, खर्च वाचेल." महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे आपला नेहमीचा भाड्याच्या घराचा करार, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये आणि मुद्रांक एकूण रकमेच्या पाव टक्का. हल्ली एजंट यंत्र घेऊन घरी येतो आणि खाटेवर बसल्या बसल्या अंगठा घेतो. आळसाला जागाच नाही.

करारात मी दोन गोष्टी घालून घेतो. पहिली, वैद्यकीय कारणानं सोडावं लागलं तर लॉक-इन (ठरलेल्या मुदतीआधी घर न सोडण्याची अट) लागू नाही, महिन्याची नोटीस पुरे. ट्रान्सप्लांटच्या किडनीसाठी फोन कधी येईल आणि नंतर कुठे राहावं लागेल, कोणी सांगावं? दुसरी, बायकोचंही नाव लायसन्सी, म्हणजे घर घेणारी, म्हणून. शेजारच्या खाटेवरचे एक गृहस्थ हे टाळत राहिले. "अशुभ बोलू नका" म्हणायचे. करार त्यांच्या एकट्याच्या नावावर आणि डिपॉझिटचे साठ हजारही त्यांच्याच खात्यातून गेलेले. ते गेल्यावर मालक वहिनींना म्हणाला, "माझा व्यवहार त्यांच्याशी होता, तुम्ही वारसाचे कागद आणा." असा करार त्या माणसापुरताच असतो, त्याच्यामागे बायकोच्या नावावर होत नाही. तेराव्यानंतर चार महिने त्या खेटे घालत होत्या, आणि मधल्या काळात नवं घर घ्यायला हातात पैसा नव्हता. एक नाव वाढवायला टायपिंगची एक ओळ लागते.

सामान हलवायचा दिवस डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. मंगळ-गुरु-शनिवाल्यांना रविवार बरा. सोमवार अजिबात नको, दोन दिवसांचं पाणी अंगात साठलेलं असतं आणि जिना चढताना धाप लागते. फिस्टुलाच्या हातानं पिशवीसुद्धा उचलू नका. मी त्या दिवशी टेम्पोपाशी खुर्ची टाकून खोके मोजत बसतो, आणि माझ्या फाइलची पिशवी बायकोच्या खांद्याला असते.