प्रायोगिक अर्थशास्त्रात प्राध्यापक व्हायचे असेल तर

मुंबईतल्या महाविद्यालयांत वर्तनवादी अर्थशास्त्राची, म्हणजे माणसे प्रत्यक्षात आर्थिक निर्णय कसे घेतात याच्या अभ्यासाची, आवड असलेले विद्यार्थी पुष्कळ भेटतात, पण त्यांपैकी बहुतेकांची ओळख वाचनापुरती असते. या शाखेत प्रयोग करणारा संशोधक म्हणून उभे राहायचे असेल, तर प्रबंधाचा विषय ठरण्याची वाट न पाहता एम.ए.च्या वर्गातच एक छोटा प्रयोग स्वतः घडवून आणावा, असे मी आग्रहाने सांगेन.

सुरुवातीला बाजाराचा प्रयोग उत्तम. सात खरेदीदारांना १०० पासून ४० पर्यंत आणि सात विक्रेत्यांना २० पासून ८० पर्यंत, दहा-दहाच्या अंतराने आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या द्याव्यात. खरेदीदाराने आपल्या आकड्याहून महाग घेऊ नये, विक्रेत्याने आपल्या आकड्याहून स्वस्त विकू नये आणि चिठ्ठी कोणी कोणाला दाखवू नये. मागणी-पुरवठ्याच्या हिशेबाने समतोल किंमत, म्हणजे जिथे खरेदी आणि विक्रीची तयारी सारखी होते ती किंमत, ६० येते. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड चेंबरलिन यांनी हार्वर्ड विद्यापीठात असाच प्रयोग करून १९४८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांचे विद्यार्थी वर्गात फिरून एकेकाशी खाजगीत सौदा करत आणि व्यवहारांची संख्या समतोलाच्या हिशेबापेक्षा जास्त होई. त्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसलेल्या व्हर्नन स्मिथ यांनी पुढे नियम बदलले: बोली सर्वांना ऐकू येईल अशी लावायची आणि तोच बाजार अनेक फेऱ्यांत भरवायचा. मग किंमत समतोलाकडे सरकू लागली. त्यांचा हा निबंध १९६२ साली प्रसिद्ध झाला आणि २००२ साली त्यांना डॅनिएल काहनेमान यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. दोन्ही पद्धती एकाच वर्गात करून पाहिल्या, की नियमातील लहानसा फरक निकाल कसा पालटतो हे विद्यार्थ्याला डोळ्यांनी दिसते, आणि संशोधक म्हणून पुढे सारी मेहनत याच नियमांवर घ्यायची असते.

खेळ-सिद्धान्त (एकमेकांवर अवलंबून असलेल्या निर्णयांचे गणित), अर्थमिती (आर्थिक आकडेवारीचे सांख्यिकी विश्लेषण) आणि संख्याशास्त्र यांचा पाया पक्का हवाच. त्यासाठी गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, पवईची आय.आय.टी. आणि कलिन्याचे मुंबई विद्यापीठ हे पर्याय शहरातच आहेत, मात्र पीएच.डी.साठी संस्थेच्या नावाआधी मार्गदर्शकाने स्वतः प्रयोग केले आहेत का, हे पाहावे.

अर्थशास्त्रातील प्रयोगाला दोन बंधने असतात आणि ती मनापासून पाळावी लागतात. सहभागी व्यक्तीला तिच्या निर्णयानुसार खरे पैसे मिळाले पाहिजेत, आणि तिची फसवणूक होता कामा नये. मानसशास्त्रात काही वेळा खरा हेतू दडवून प्रयोग केले जातात. अर्थशास्त्रात तसे चालत नाही, कारण एकदा फसवलेला विद्यार्थी पुढच्या संशोधकाच्याही सूचनांवर विश्वास ठेवणार नाही.

मुंबईत हल्ली पैसे यूपीआयने देणे सोयीचे वाटते, पण तिथे सावध राहावे. समजा, एकाला ५०० रुपये देऊन त्यातले किती अनोळखी जोडीदाराला द्यायचे हे त्याच्यावर सोपवले. एलिझाबेथ हॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली दाखवले, की आपला निर्णय संशोधकालाही कळणार नाही अशी खात्री दिली तर माणसे कमी पैसे देतात. यूपीआयमध्ये नाव आणि रक्कम एकत्र नोंदली जाते. म्हणून अशा प्रयोगात क्रमांक घातलेल्या बंद पाकिटातून रोख रक्कम द्यावी, आणि ती वाटणारी व्यक्ती निर्णयांची नोंद ठेवणारी नसावी.

सूचना साध्या मराठीत लिहून मोठ्याने वाचाव्यात आणि खेळ सुरू होण्याआधी उदाहरणे सोडवून घ्यावीत. संगणकावरील प्रयोगासाठी झेड-ट्री आणि ओट्री ही साधने प्रचलित आहेत. ओट्री ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे वेगळी प्रयोगशाळा नसतानाही काम सुरू करता येते.

क्षेत्रीय प्रयोगांचे, म्हणजे प्रयोगशाळेबाहेर प्रत्यक्ष जीवनात केलेल्या प्रयोगांचे, आकर्षण स्वाभाविक आहे. शिक्षणक्षेत्रातील ‘प्रथम’ संस्थेच्या, अभ्यासात मागे पडलेल्या मुलांना शिकवणाऱ्या बालसखी उपक्रमाचे मूल्यमापन मुंबई आणि वडोदऱ्यातील शाळांमध्ये झाले आणि २००७ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या लेखकांपैकी अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासह नोबेल मिळाले. परंतु अशा कामाला निधी, भागीदार संस्था आणि बरीच वर्षे लागतात, म्हणून पहिला निबंध प्रयोगशाळेतलाच असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

माहिती गोळा करण्यापूर्वी नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी, नमुना किती मोठा हवा याचे गणित करावे आणि गृहीतके व विश्लेषणाची पद्धत नोंदवून ठेवावी. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनची नोंदवही २०१३ पासून त्यासाठी उपलब्ध आहे. २०१६ साली अर्थशास्त्रातील १८ प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा मूळ निष्कर्ष ११ प्रयोगांतच ठळकपणे मिळाला. त्यामुळे निबंध पाठवताना सूचनांची प्रत, मूळ माहिती आणि विश्लेषणाचा कोड सहभागींची नावे वगळून एकत्र ठेवावा, आणि प्राध्यापकपदाच्या मुलाखतीला जाताना हीच फाइल सोबत न्यावी.